न विचारता घेतात म्हणे

नाही, आत नका येऊ मृदुलाताई, तिथे जिन्यातच बरं आहे — दीड मीटर — आणि मास्क जरा नाकावर घ्या. पण आधी मला सांगा, माझा विमा झालेला नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं? सुबोधने? त्याला तर वाटत होतं, पुण्यासारखं नवऱ्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये बायको आपोआप येते. नाही येत. इथे नेदरलँड्समध्ये ज्याचा त्याचा वेगळा — आणि हे आम्हाला कळलं टिलबर्गला येऊन तीन महिने झाल्यावर! बरं, तुम्हाला यात काय मिळतं? कमिशन? — रागवू नका, विचारते. वरच्या मजल्यावरची बाई, आजवर जिन्यात नुसतं 'हॅलो', आणि आज ढोकळा घेऊन विम्याचं बोलायला येते, तर माणूस विचारणारच ना.

काढणार आहे मी विमा. चार महिन्यांची मुदत मलाही माहितीये. फक्त एक सांगा — तब्येतीचं काय काय विचारतात? काहीच नाही? आजारी माणसालाही घ्यावंच लागतं? कायदाच आहे? ताई, न विचारता घेतात म्हणजे नंतर पकडतात. माझ्या बाबांचं काय झालं? डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखतंय, आणि बाबा सज्जन माणूस — म्हणाले, झाली की दोन-तीन वर्षं. संपलं! तेवढं एक वाक्य धरून कंपनीने हात वर केले, आजार जुना आहे म्हणून. खरं बोलायची शिक्षा. तेव्हापासून आमच्या घरात ठरलेलं — आधी विमा, मग वर्षभर तोंड शिवायचं, मग डॉक्टर.

म्हणजे समजा — समजा हं — माझी एक मैत्रीण आहे, तीही नवीनच आलीये, तिला छातीत गाठ लागतेय. ती आज डॉक्टरकडे गेली, त्या तुमच्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, तर तो सगळं कॉम्प्युटरमध्ये घालणार. मग विमावाले म्हणणार, बाई, तुम्ही गाठ घेऊनच आमच्या देशात आलात. म्हणून ती वर्षभर गप्प बसणार. काय चुकलं तिचं? — लगेच दाखवायचं? अहो, पण दुखत नाही तिला. दुखत नाही म्हणूनच? असं नका बोलू. एवढीशी तर आहे, आले तेव्हा सुपारीएवढी होती, आता लिंबाएवढी, डावीकडे, अंघोळ करताना हाताला —

काय बघताय? मैत्रिणीचं बोलतेय मी.

सुबोधला सांगू नका. तो मला पहिल्या विमानात बसवेल, आणि तिकडे पुण्यात आत्ता कोरोनामुळे खाट मिळत नाहीये कुणाला. शपथ घ्या. नको, शपथा कोणीही घेतं. नंतर त्यांनी पकडलं तर माझ्या बाजूने बोलायला याल? सोबत? डॉक्टरकडेसुद्धा?

उद्या या. विम्याचा फॉर्म भरायला तुमचा लॅपटॉप आणा, माझा लॅपटॉप सुबोध उघडून बघतो. ढोकळा ठेवा तिथे पायपुसण्यावर. आणि जा आता. जा म्हटलं ना.