काकांचा खरखरीत गोळा

आदरणीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरील संचालकबाई, ज्यांच्या निरोपासाठी जमलो ते आमच्या वर्कशॉपचे लेथवाले काका, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी म्हणजे आमच्या वहिनी आणि चहा कधी येतो म्हणून दाराकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो,

काकांच्या हाताचं कौतुक सगळ्यांनी केलं. मला एका गोळ्याबद्दल बोलायचंय.

अठरा वर्षांपूर्वी याच दालनात आम्ही प्रयोगासाठी तापलेले पोलादी गोळे पाण्यात सोडत होतो. गोळा खूप तापलेला असला की त्याच्याभोवती वाफेचा पातळ थर तयार होतो आणि पाणी लांब राहतं. गोळा निवत आला की थर फाटतो, पाणी अंगाला भिडतं आणि एकदम उसळतं. धाड्! तीन काचपात्रं फुटली. छतावरचे डाग अजून आहेत, हवं तर वर पाहा.

मी काकांना म्हणायचो, "आरशासारखा घासून द्या."

ते म्हणायचे, "साहेब, जरा खरखरीत राहू द्या की. आपल्याकडचा तो पाणी झटकणारा लेप त्यावर छान बसेल."

"काका, तुम्ही लेथ सांभाळा. पाण्याचं मी बघतो."

काय मस्ती होती ना?

मी चार दिवस रजेवर गेलो. परतलो तेव्हा काका दारातच उभे. खरखरीत केलेला, लेप दिलेला गोळा त्यांनी भट्टीतून काढून पाण्यात सोडला. मी कानावर हात ठेवले. काही झालं नाही. वाफेचा चंदेरी थर तसाच राहिला आणि गोळा शांतपणे निवत गेला. उकळणं असं ताब्यात ठेवता येतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. गरम यंत्रांवर पाणी पडून होणारे स्फोट यातून टळतील, हे मात्र मला लगेच कळलं. तेवढी हुशारी होती.

आपल्या नोंदवहीत प्रयोग करणाऱ्यानं सही करायची रीत आहे. काकांनी केली होती. मी ते पान ब्लेडनं कापलं, नवीन पानावर तीच नोंद लिहिली आणि खाली माझी सही ठोकली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो मी. शोधनिबंध माझा, पदक माझं. शेवटी एक ओळ: 'वर्कशॉपच्या सहकार्याबद्दल आभार.'

निबंध छापून आला तेव्हा काकांनी विचारलं, "साहेब, यात आपला गोळा कुठाय?"

मी म्हणालो, "फोटोत आहे की!"

ते हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

गेल्या महिन्यात निरोपाचं आमंत्रण द्यायला त्यांच्या घरी गेलो. भिंतीवर तोच फोटो, चौकटीत. वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "भावजी, हा आमच्या यांनी केलेला गोळा." फोटोखाली छापलेलं नाव माझं होतं.

वहिनी, खरं तुम्हीच सांगत होता. काकांचं नाव आधी घालून निबंध दुरुस्त करावा, असं पत्र मी आज सकाळी तो छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवलंय. संचालकबाईंना पदक परत दिलंय. आणि हे ते कापलेलं पान. फेकायची हिंमत झाली नाही, दाखवायचीही नाही. काका, सही तुमचीच आहे ना, बघून घ्या.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलताना काही कमी-जास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. वागण्यातलं मात्र सभेनं माफ करू नये. ते काकांकडे राहू द्या.