आवाज न करणारे टायर

यार, टायर घ्यायला जाताना बाबांना बरोबर नेऊ नये, एवढं मला या वयात कळलं.

माझी ती सेकंडहँड जर्मन गाडी ना, तिचे चारही टायर संपले होते. दिवसभर ऑफिसात कटकट, बाहेर अंधेरीचे हॉर्न. मला फक्त शांतता हवी होती. घाटकोपरच्या दुकानदाराला म्हटलं, "सगळ्यात कमी आवाज करणारे दाखव." दोन तास त्याचं डोकं खाऊन सगळ्यात महाग सेट बसवला.

तो जुने टायर उचलायला लागला, तर बाबा आडवे. "थांब! ते गावाक न्हेवचे आसत."

आमच्याकडे मोडकी वस्तू कोणी फेकत नाही, गावाला पाठवतात. तिकडे पडवीत आमचे तीन फ्रिज आहेत, एकही चालत नाही. पण वाद घालायचं त्राण कुणाला होतं? दोन टायर डिकीत कोंबले, दोन मागच्या लेदरच्या सीटवर.

निघालो. प्रत्येक खड्ड्याला सीटवरचे दोन्ही टायर एकमेकांवर घासून करकरत होते. साकीनाक्याला बाबांनी कान टवकारले.

"एवढे म्हाग टायर घेतलंस, पण आवाज काय कमी झालो नाय रे!"