पार्किंगमधली म्हैस

उकाड्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. पालेगावात आमची चंद्री म्हैस होती. त्या मे महिन्यात गावचं तळं आटलं. चंद्री गाभण, दिवस भरत आलेले आणि उन्हानं नुसती धापा टाकायची. पोटातलं टिकतंय की नाही, हीच मला काळजी.

एका दुपारी ती दावं तोडून गेली. शेजारी नवी बिल्डिंग होत होती. खालचा स्लॅब मुरावा म्हणून मातीचे बांध घालून त्यावर पाणी साठवलं होतं. त्या पाण्यात ही डोळे मिटून बसलेली.

सुपरवायझर ओरडत आला, "काका, भैंस हटाव! पार्किंग आहे ही!"

मी म्हटलं, "मग नीट लावलीय की तिनं."

त्यानं शेपटी ओढून पाहिली. चंद्रीनं ती झटकली, तसा त्याचा शर्ट चिखलानं भरला.

"कधी विणार?" त्यानं शर्ट पुसत, तिच्या फुगलेल्या पोटाकडे बघत विचारलं.

"मृगाच्या आसपास."

"बसू दे मग."

स्लॅब पक्का झाला, तरी तो रोज पाणी सोडत राहिला.

मृगात रेडी झाली. पहिला खरवस मी त्यालाच नेऊन दिला. रिकामा डबा परत देताना तो म्हणाला, "काका, रेडीची पार्किंग वेगळी लागेल हां."