रिकाम्या फ्रिजचं बिल

...म्हणजे आता इस्त्रीसुद्धा भर दुपारी करायची! बाहेर ऊन भाजतंय, आत मी भाजतेय, हातात तापलेली इस्त्री, आणि आमचे हे दारात उभे राहून काय म्हणतात? ‘ऊन आहे तोवर उरकून घे!’ तुम्हाला सांगते, गच्चीवर ते सोलरचे पॅनेल बसवल्यापासून या माणसाच्या तोंडात दुसरं वाक्य नाही. कपडे धुवायचे? ऊन आहे तोवर. पाण्याची मोटर? ऊन आहे तोवर. अहो, एकदा संध्याकाळी पाहुणे आले, मी वाटण करायला मिक्सर लावला मात्र, हे पाहुण्यांना तसंच सोडून धावत आत, ‘अगं, सूर्य मावळला ना!’ असा चेहरा, जसं काही घरातलंच कुणी गेलं! गल्लीत नावच पडलंय, सोलरशेठ.

बरं, एवढं करून बिल कमी यावं की नाही? कमी कसलं, पूर्वीसारखंच येत होतं, दर महिन्याला, अगदी इमानदारीत! समोरच्या काकूंकडे तसेच पॅनेल, त्यांचं नाममात्र आणि आमचं भरघोस. पॅनेलवाल्याला बोलावलं. तो गच्चीवर गेला, खाली आला, चहा प्यायला आणि म्हणाला, ‘साहेब, पॅनेल ठणठणीत आहेत. घरातच कुणीतरी वीज खातंय.’ झालं! ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी मी गुपचूप दोन-चार युनिट पदराखाली... मी म्हटलं, ‘बघताय काय? शोधा की!’

मग एका रविवारी शोधमोहीम. हे मीटरपाशी बाहेर, मी आत बटणांपाशी. ‘टीव्ही बंद?’ ‘बंद!’ ‘गीझर?’ ‘बंद!’ ‘स्वयंपाकघरातला फ्रिज?’ ‘अहो, दूध नासेल!’ ‘पाच मिनिटांत नासत नाही, बंद कर!’ सगळं घर बंद केलं, मला वाटतं मीही श्वास रोखून धरला होता... आणि तरी मीटरवरचा तो लाल दिवा आपला लुकलुक, लुकलुक. हे आत आले. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी माझ्याकडे. आणि मागच्या खोलीतून आवाज आला... घुर्रर्र.

आता ही मागची खोली माझ्या सासऱ्यांची. बाबांची. आणि तो आवाज सासूबाईंच्या फ्रिजचा. छोटासाच आहे, कमरेएवढा, पण जुना, कुठल्या काळातला कोण जाणे. त्यांच्या आजारपणात इंजेक्शनं गार ठेवायला तो त्यांच्या उशाशी आणून ठेवला होता, सारखं स्वयंपाकघरात कोण धावणार म्हणून. पुढे त्या गेल्या. पलंग उचलला, औषधं परत केली, चाकांची खुर्ची ज्यांची त्यांना दिली... फ्रिज राहिला. खोटं कशाला बोलू, मी रोज त्या खोलीत झाडू मारते, माझ्या कानांना तो आवाज ऐकूच येईनासा झाला होता.

ह्यांनी फ्रिजचं दार उघडलं. आत काय? काही नाही! लख्ख पुसलेला, दिवा लागलेला, आणि रिकामा. साधी पाण्याची बाटलीसुद्धा नाही!

‘बाबा, हा रिकामाच चालू आहे,’ हे म्हणाले.

‘हो,’ बाबा म्हणाले.

‘बंद करू?’

‘कर की.’

बघा हं, ‘कर की’! ना राग, ना रुसवा. भांडले असते तर बरं झालं असतं हो! ह्यांनी पिन काढली. फ्रिज एकदा थरथरला, आणि गप्प.

पुढचं बिल काय सुंदर आलं म्हणून सांगू! ह्यांनी काकूंना नेऊन दाखवलं! आणि इकडे बाबा... बाबा खोलीत बसेनात. सकाळी पेपर घेऊन स्वयंपाकघरात, दुपारी स्वयंपाकघरात, स्टुलावर, आमच्या मोठ्या फ्रिजला टेकून. मी फोडणी घालतेय, धूर, ठसका, आणि हे आपले खोकत पेपर वाचतायत. शेवटी म्हटलं, ‘बाबा, आत पंख्याखाली बसा ना निवांत.’

तर म्हणाले, ‘आत फार शांत आहे गं.’

मी गॅस बारीक केला.

‘शेवटी शेवटी तिचा श्वास कळायचाच नाही,’ बाबा सांगू लागले, पेपरातच बघत. ‘छातीवर हात ठेवावा तर जागी होईल. मी आपला फ्रिजची वाट बघायचो. तो घुरघुरला की ती वैतागून कूस बदलायची. डोळे न उघडता म्हणायची, झाला मेला सुरू! मग मला कळायचं... आहे. मग मी झोपायचो.’

तुम्हाला सांगते, फोडणी जळली. जळू दे म्हटलं. मागे वळले तर दारात हे. कधीपासून उभे होते देव जाणे. बादली उचलली, फडकं घेतलं, गच्चीवर गेले आणि भर उन्हात पॅनेल पुसत बसले. आदल्याच दिवशी पुसले होते हो! खाली आले तेव्हा डोळे लाल. म्हणाले, ‘धूळ फार आहे वर.’

मग सरळ मागच्या खोलीत जाऊन पिन लावली. आणि फ्रिज? ढिम्म! थोपटला, हलवला, ‘अरे चल ना बाबा’ म्हणून गयावया केली... नाहीच. फ्रिजवाला बोलावला. तो म्हणाला, ‘कॉम्प्रेसर गेलाय. नवा फ्रिज घ्या, वीज कमी खातो, आवाज अजिबात नाही.’

हे म्हणाले, ‘आवाजच पाहिजे.’

‘अँ?’

‘आवाज करणारा पाहिजे!’

फ्रिजवाल्याने माझ्याकडे बघितलं. ‘वहिनी, लोक मला आवाज घालवायला बोलावतात हो!’ मी म्हटलं, ‘दादा, असेल एखादा जुना कॉम्प्रेसर तर बसवा, पण विचारू नका.’ तो भला माणूस, त्याने कुठूनतरी एक म्हातारा कॉम्प्रेसर शोधून आणला. बसवला. आम्ही तिघं उभे, बाबा दारात. जरा वेळ काही नाही... आणि मग खडखड, खडखड, घुर्रर्रर्र!

हे बाबांच्या तोंडाकडे बघतायत, शाळेतलं पोर निकालाकडे बघतं तसे.

बाबा ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, ‘तो नाहीये हा.’

ह्यांचा हात पिनेकडे गेला. बाबांनी तो धरला. ‘राहू दे रे. एवढा खटाटोप केलास. होईल सवय.’

तेव्हापासून आहे तो चालू. बाबा खोलीत बसतात. झोपतात की नाही, मी विचारत नाही. दुपारी झाडू मारायला गेले की कधीकधी फ्रिज खडखडतो, आणि बाबा सासूबाईंच्या पलंगाच्या जागेकडे बघतात. नुसतेच.

आणि बिल? आलं की परत, भरघोस! परवा काकूंनी दारातच गाठलं आम्हा दोघांना, ‘काय सोलरशेठ, पुन्हा चढलं म्हणे?’ आता हा बिलासाठी जीव टाकणारा माणूस! हे घाम पुसत म्हणाले, ‘काय करणार काकू, या महिन्यात आभाळच फार होतं.’

भर उन्हाळ्यात हो! गल्लीतलं डांबर वितळलेलं!

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘हो ना... फारच.’