आईने दिलेला पाण्याचा नमुना

अरे, आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत दोन महिने गढूळ पाणी येत होतं. तक्रार केली की पाणी खात्याचं उत्तर ठरलेलं, "दर महिन्याला तुमच्याच घरून नमुना नेतो, पाणी एकदम उत्तम आहे." शेवटी मी रजा टाकून घरी थांबलो. नमुना न्यायला त्यांचे सावंत आले. आईने त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि आत जाऊन उकळून गाळलेल्या पाण्याने भरून आणली.

"आई, नळाचं द्यायचं असतं गं."

"घरी आलेल्या माणसाला गढूळ पाणी देऊ?"

सावंतांनी कपाळाला हात लावला, दुसरी बाटली काढली आणि स्वतःच नळाखाली धरली. आई ओशाळून बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "भाऊ, त्या बाटलीवर आमचं नाव नका हां घालू."