अनंतरावांचा चामड्याचा दोरा

आता मले सांगा, दोऱ्याचा नंबर कमी झाला की दोरा जाड होतो, हे कोण्या शहाण्यानं ठरवलं? चपलेचा नंबर वाढला की चप्पल वाढते, बनियनचा वाढला की बनियन वाढते, अहो चष्म्याचा वाढला तर काचही जाड होते... पण दोरा? त्याचं उलटं! नंबर कमी, तर दोरा जाड! आणि ह्या उलट्या कारभारापायी आमच्या शेजारचे अनंतराव ढोमणे चार दिवस गोलबाजारात... नाही, थांबा, असं मधातूनच काहून सांगू?

तुम्हाले सांगतो, अनंतराव म्हणजे रेल्वेच्या भांडारात चौतीस वर्षं कारकुनी केलेला माणूस. नमुन्याशी ताडून पाहिल्याशिवाय खिळा आत घेतला नाही कधी. ते रिटायर झाले आणि त्याच वर्षी छत्तीसगड वेगळं झालं, आपलं रायपूर राजधानी झालं, अन् त्यांची पोट्टी देवश्री, तिले नवीन मंत्रालयात नोकरी लागली! जुन्या दवाखान्याच्या इमारतीत का होईना, पण मंत्रालय! अनंतरावांची छाती अशी फुगली, अशी फुगली, की नागपूरच्या पाहुण्यांसमोर बोलून बसले, "देवश्री, सोमवारी तू माझ्या हातची बॅग घेऊन जाशील. चामड्याची! जन्मभर टिकणारी!"

देवश्री म्हणते, "बाबा, मार्केट में अच्छी मिल जाती है ना..."

ऐकते कोण? एका बॅगवाल्यानं दुकान बंद केलं, त्याची जड मशीन अनंतरावांनी उचलून आणली होती, तिच्यावर अजून पायपुसणंही शिवलं नव्हतं. चामडं आलं, कापलं, बुधवारी सकाळी अंघोळ करून, उदबत्ती लावून बसले. दोरा कोणता? तर बायकोच्या डब्यातली सुती रीळ. तीन टाके... टक्! पुन्हा ओवला. चार टाके... टक्! शारदावहिनी आतून म्हणतात, "अहो, तो ब्लाउजचा दोरा आहे, त्यानं चामडं शिवतेत का?"

निघाले गोलबाजारात. भैय्यालालचं दोऱ्याचं दुकान, छतापर्यंत नुसते दोऱ्याचे कोन, म्हणजे शंकूसारख्या मोठ्या रिळी! अनंतराव म्हणाले, "भैया, मजबूत धागा दो. सबसे बडा नंबर!" भैय्यालालनं वर पाहिलं, खाली पाहिलं, ऐंशी नंबरचा कोन दिला. गिऱ्हाइकानं मागितलं, दुकानदारानं दिलं, त्याचं काय चुकलं? अनंतराव घरी आले, मशीन चालवली... टक्! केसासारखा बारीक! परत गेले. भैय्यालाल कसा शांत, पान चघळत, "बाबूजी, नंबर कम, तो धागा मोटा. बीस नंबर ले जाइए." "पर पहले क्यों नहीं बताया?" "आपने पूछा कहाँ?"

बरं, वीस नंबर तर वीस नंबर. पण आता म्हणे नायलॉनचा का पॉलिएस्टरचा? घ्या! बाजूले हिरालाल उभा होता, मोटारीच्या सीटा शिवणारा. तो म्हणाला, "पॉलिएस्टर लीजिए काका, धूप में खराब नहीं होता." भैय्यालाल म्हणाला, "बॅग को धूप में सुखाना है क्या? नायलॉन! ताकत नायलॉन में!" हिरालाल म्हणाला, "नायलॉन खिंचता है!" "तो खिंचने दो, टूटता तो नहीं!" दोघं असे भांडून राहिले की जसं काही राज्याचं पुन्हा वाटप चाललंय, अन् अनंतराव दोघांचेही दोरे बोटाले गुंडाळून ओढून पाहून राहिले. ओढला, ओढला... दोरा नाही तुटला, बोट कापलं! रक्त पाहून माणूस खूश झाला, खोटं नाही सांगत. "हाच! हाच द्या!" नायलॉन.

तिसरी फेरी रंगासाठी, कारण वहिनी म्हणाल्या, चामडं चॉकलेटी अन् दोरा विटकरी, चांगलं दिसते का? आणि चौथी फेरी सुईसाठी, कारण जाड दोरा सुईच्या नाकात जाईना! "भैया, मोटी सुई दो. सबसे छोटा नंबर!" शिकलेला माणूस ना! भैय्यालालनं हात जोडले. "बाबूजी, सुई में नंबर ज्यादा, तो सुई मोटी." म्हणजे दोऱ्यात नंबर कमी तर दोरा जाड, सुईत नंबर जास्त तर सुई जाड, आणि दोघांले एकाच मशीनवर नांदायचं! अनंतराव तिथंच स्टुलावर बसले.

रविवारी बॅग झाली. आणि काय टाके घातले, महाराज! बारीक, एकाले एक खेटून, मुंगीले शिरता येऊ नये असे. अनंतरावांचा विचार साधा : जितके टाके जास्त, तितकी मजबुती जास्त. बरोबर वाटते ना? मलेही वाटलं.

सोमवारी देवश्री गेली. बॅगेत डबा, पाण्याची बाटली, प्रमाणपत्रांची जाड फाइल. मंत्रालयाच्या फाटकाशी रिक्षातून उतरली, बॅग खांद्यावर टाकली... अन् पट्टा निघून हातात! डबा रस्त्यावर, वरणाचा ओघळ थेट शिपायाच्या बुटापर्यंत. पोट्टी रडकुंडीले आली. फाटकाबाहेर शांताबाई मोचीण बसते, तिनं बॅग उचलली, पट्ट्याचं टोक उन्हाकडे धरून पाहिलं आणि म्हणते, "धागा तो बने हे नोनी, फेर चमड़ा ला चलनी बना डारिस!" म्हणजे समजलं का? दोरा चांगला आहे पोरी, पण चामड्याची चाळणी करून टाकली! दोरा शाबूत. एक तंतू तुटला नव्हता. चामडंच फाटलं होतं, पोस्टाच्या तिकिटासारखं, छिद्रांच्या ओळीवरून, सरळ! शांताबाईनं फाटलेलं कापून टाकलं, हातानं सहा मोठे टाके मारले, पोट्टी वेळेवर सही करायले पोचली.

संध्याकाळी तिनं बापाले काही सांगितलं नाही. पण चौतीस वर्षं माल तपासलेली नजर, सहा परके टाके दिसणार नाहीत? "हे कोणाचे?" सांगावंच लागलं. अनंतराव बॅग बाजूले ठेवून ताटावर बसले. जेवले अर्धवट. दुसऱ्या दिवशी नायलॉनचा तो कोन घेऊन शांताबाईसमोर उकिडवे बसले. "बाई, हा धागा चुकला का?" ती हसली, "धागा ला काबर पूछथस, बबा? छेदा दुरिहा-दुरिहा मार! चमड़ा घलो तो बांचना चाही!" दोऱ्याचं काय विचारतोस बाबा, छिद्रं लांब लांब पाड, चामडंही वाचलं पाहिजे. संपलं! चार फेऱ्या, कापलेलं बोट, सुईचा नंबर, दोऱ्याचा नंबर... आणि चूक दोऱ्यात नव्हतीच!

घरी आले, सगळी बॅग उसवली, शिवणीच्या जागा कापून टाकल्या, बॅग चार बोटं लहान झाली, पण लांब टाक्यांनी पुन्हा शिवली. देवश्रीनं पाहिलं, बापाच्या बोटाची पट्टी पाहिली, म्हणाली, "सुंदर है बाबा." तेव्हापासून रोज घेऊन जाते. खांद्यावर चामड्याची बॅग, हातात कापडी थैली.

आता वर्ष होत आलं. अनंतराव आमच्या अख्ख्या तात्यापारा मोहल्ल्याले थांबवून थांबवून सांगून राहिले, "पहा, एक टाका उसवला नाही!" मी म्हणतो, हव अनंतराव, खरं आहे. काय सांगू त्यांले? उसवेल कशी महाराज... फाइल थैलीत, डबा थैलीत, बाटली थैलीत. बॅगेत पोट्टी फक्त रुमाल ठेवते!