पालथे ड्रम

हॅलो?… हॅलो, आई?

हाव, मीच. लुंबिनी… अगं, हळू बोलून राहिले. आत माणसं आहेत… नाही, तू जोरात बोल, मला ऐकू येतं. मी हळू बोलते.

गॅलरीत. दार ओढून घेतलंय… बसलेय ना. ड्रमवर… पालथा आहे गं ड्रम, पडत नाही मी.

जेवण? नाही अजून… होईल… हो, हो, चादरी पुरल्या… कुकर चांगला आहे, शिट्टी होते… आई, ऐक ना. ऐक ना जरा.

कसला आवाज येऊन राहिला तुझ्याकडून? पाण्याचा?… बरं. असू दे.

आत्या आल्यात. आदर्शच्या आई… मुरुडहून, सकाळच्या गाडीनं… बरं बाई, आदर्शच्या नाही, ‘ह्यांच्या’. ह्यांच्या आई आल्यात. झालं समाधान?… संध्याकाळी वंदना घ्यायची ना नव्या घरात. फोटो लावले, समोरच्या भिंतीला. बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा. मेणबत्त्या आणल्या. खालच्या सालेहा खालांना खीर खायला बोलावलंय.

रडत नाही… सर्दी आहे… नाही गं, मला कुणी काही बोललं नाही. तेच तर आहे. मला कुणीच काही बोलून नाही राहिलं.

थांब, फोन दाराकडं धरते… आलं ऐकू? आत्या आहेत. ह्यांना बोलून राहिल्यात. ‘लगीन झालं, नोकरी लागली, तरी अक्कल आली न्हाई. दोन ड्रम, दोन तोट्या, दोन्ही उघड्या राहिल्या व्हय रे?’… सकाळपासून तेच. आणि हे मान खाली घालून कांदे चिरून राहिलेत.

त्यांनी नाही केलं, आई. मी केलं.

पाणी. पाणी ओतलं मी… थोडं नाही. सगळं. दोन्ही ड्रम, हंडा, मोरीतली टाकी. घर कोरडं ठणठणीत आहे आमचं… ‘परत भर’ काय! हे नांदेड आहे का? लातूर आहे हे. गुरुवारी येऊन गेला म्हणे नळ. आता पुढच्या आठवड्यात. आला तर.

सांगते. सांगते ना. मधे बोलू नको, नाहीतर मला सांगताच येणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी आलो आम्ही सामान घेऊन. त्या दिवशी बाटल्यातलंच प्यायलो, तू दिलेलं. काल ह्यांना ड्युटी होती. वर्कशॉपला जाताना म्हणाले, पाणी भरलेलं आहे. मी म्हटलं, बरं. मला त्यात काय वाटणार? पाणी भरलेलंच असतं घरात. मग एकटीच होते. म्हटलं, आत्या यायच्या आत घर लख्ख करावं. सून कामाला कशी आहे, बघू दे त्यांना. ड्रमच्या तोंडाला पांढरं धोतराचं कापड, सुतळीनं करकचून बांधलेलं. सोडलं. आत काठोकाठ पाणी. किती दिवसांचं कुणास ठाऊक! मला वाटलं, आधीच्या भाडेकऱ्यांचं राहिलं असेल. तुझं काय असतं? कालचं पाणी आज ठेवायचं नाही. माठ रोज रिकामा करायचा, घासायचा, ताजं भरायचं. फ्रॉक घालत होते तेव्हापासून करतेय मी ते… तुझा दोष कुठं म्हणून राहिले? ऐक तर.

मोरीत ओतलं. बादलीनं उपसून उपसून. अर्ध्यानं खोल्या धुतल्या, गॅलरी धुतली. जिना धुतला… जिना, आई. दोन्ही मजल्यांचा. वरून सोडलं पाणी आणि खराटा घेतला. गाणं म्हणत होते मी. मग ड्रम आतून साबणानं घासले आणि इथं उन्हात पालथे घातले. त्यातल्याच एकावर बसलेय.

मग ताजं भरावं म्हणून नळ उघडला.

फुस्स. नुसती हवा.

मला वाटलं, खालून कॉक बंद असेल. खाली गेले. सालेहा खाला दारात गहू निवडत बसलेल्या. पाय वर घेऊन. का तर माझं पाणी त्यांच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं. मी म्हटलं, खाला, इथं नळ कधी सोडतात? त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग त्या पाण्याकडं. म्हणाल्या, ‘बेटी, ये पंचशीला का पानी था क्या?’

पंचशीला म्हणजे आत्या, आई. आत्यांचं नाव.

गुरुवारी नळाची पाळी होती ना, त्या मुद्दाम मुरुडहून आल्या होत्या. रिकाम्या घरात. एकट्या. नळाला जोर नसतो, वर चढतच नाही. खालून कळशीनं वाहिलं त्यांनी. एक एक कळशी, दोन जिने चढून… हाव, तेच गुडघे. लग्नात ज्यांच्यासाठी खुर्ची शोधत होता ना बाबा, त्याच. खाला म्हणाल्या, मैं बोली किसी को बुला ले. तर ह्या म्हणाल्या, कशाला, माझी सून यायची हाय. नांदेडची हाय, तिला पाण्याविना सवय न्हाई. पाऊल टाकल्या टाकल्या पाणी पायजे तिला घरात.

…आई?… ऐकतेयस ना?

हाव. मलाही असंच झालं. ओल्या जिन्यातून पाय उचलून उचलून वर आले मी.

ह्यांना सांगितलं ना, संध्याकाळी आल्या आल्या. इथंच शिकलेले ते, रेल्वेनं पाणी यायचं त्या साली इथंच खोली करून होते. तांब्याभर पाण्यात अंघोळ, आणि तेच पाणी परातीत धरून फरशीला. ते असे बघत राहिले माझ्याकडं. मग म्हणाले, जिनापण? मी म्हटलं, जिनापण. मग हसायला लागले… खरंच हसले गं. आणि जार आणायला गेले. प्यायच्या पाण्याचा, विकतचा. तो एवढाच आहे घरात, तोही तळाला गेलाय.

आणि सकाळी आत्या आल्या. पाय धुवायला तांब्या घेऊन मोरीत गेल्या, ड्रममध्ये बुडवायला हात खाली नेला… तर ड्रमच नाही. मी तोंड उघडलं होतं, आई. खरं सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात हे मधेच, ‘आई, माझ्याकडून तोट्या उघड्या राहिल्या.’ झालं. माझं तोंड जे मिटलं ते मिटलंच. तेव्हापासून गॅस पुसून राहिले मी. एकच गॅस.

सगळ्यात वाईट सांगू? त्यांनी मला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. ‘माय, बावळट नवरा दिला गं तुला आम्ही. पहिल्याच दिवशी बिनपाण्याची ठेवली.’ माझी माफी मागितली त्यांनी, आई. माझी! आणि मी काय म्हणावं?… ‘असू द्या आत्या.’ असू द्या म्हटलं मी.

काय?… नाही… गप्प कशी बसू?… हाव, नवऱ्यानं झाकलं ते कळतंय मला… नवी नवरी आहे तेही कळतंय… ‘आईनं काय शिकवलं’ म्हणतील? म्हणू दे ना! तूच शिकवलंयस की… तसं नाही गं. रागावू नको… नाही, सॉरी. तू माझ्या भल्याचंच सांगतेस. पण तू इथं असतीस ना, तर तुलाही त्यांच्याकडं बघवलं नसतं.

बाबाला मात्र सांगू नको… का म्हणजे? दर वीस मार्चला गल्लीतली पोरं गोळा करून चवदार तळ्याचं कोण सांगतं? मी पहिल्या ओळीत बसायचे. ओंजळभर पाण्यासाठी माणसं कुठून कुठून आली, तोंडपाठ आहे मला. भाषणाला बक्षीस मिळालंय त्यावर. आणि मी जिना धुतला, आई.

थांब. दार वाजलं.

…आत्या खाली चालल्यात. कळशी घेऊन. हे मागं धावलेत… परत पाठवलं त्यांना. ‘तू ऱ्हाऊ दे, तुझा भरवसा न्हाई.’

दिसून राहिलं ना वरून. खालांच्या दारात उभ्या आहेत. खाला आत गेल्या… पाणी मागायला गेल्यात, आई. खिरीसाठी. खीर खायला ज्यांना बोलावलं त्यांच्याकडंच पाणी मागायचं. त्यांचं तरी कुठं फार असतंय, घर भरून माणसं आहेत… खाला जगनं ओतून राहिल्यात कळशीत. आत्यांनी हात आडवा केला, बास म्हणून. खालांनी आणखी एक ओतलाच.

खालांना तर सगळं माहीत आहे. बोलल्या असतील का?… नाही वाटत. हसून राहिल्यात दोघी.

…वर बघितलं खालांनी. सरळ माझ्याकडं.

मागं सरकले मी. भिंतीआड… लपले, आई. माझ्याच घरात लपले मी.

चढून राहिल्यात आता, जिना उघडाच आहे, दिसतो इथून. थांबल्या, पहिल्या वळणावर. कळशी कठड्यावर टेकवली… कशा म्हणजे? काखेत कळशी, एका हातानं भिंत धरलेली. अशाच चढल्या असतील त्या दिवशी. दिवसभर.

नाही. नाही आई, मी जाते… म्हण तू काहीही… हाव, संसार माझाच आहे, म्हणूनच जाते… बरं, ठेवू नको हवं तर. ऐकत राहा. फोन हातातच आहे माझ्या.

आत्या! थांबा तिथंच. द्या ती कळशी… द्या हो. नाही सांडत. आता नाही सांडत.

आत्या… तोट्या उघड्या नव्हत्या राहिल्या. ह्यांनी नाही सांडलं पाणी. मी ओतलं… मला शिळं वाटलं. कुणाचं जुनं असेल वाटलं. सगळं ओतलं मी. हा जिना धुतला त्यानं, आपण उभ्या आहोत तो. आणि सकाळी तुम्ही मला जवळ घेतलं तेव्हा मी…

…काय?

कधीपासून?

आई. आई, ऐकतेयस का? त्यांना माहीत होतं. आल्या आल्याच. म्हणतेत, ‘तोट्या उघड्या ठेवणारं पोरगं ड्रम साबणानं घासून उन्हात पालथं घालतंय व्हय? एवढं गुणाचं आसतं तर आजून काय पायजे होतं!’

मग सकाळपासून त्यांना एवढं बोलत का होतात?… ‘लबाड बोललं की. मग फुकट कशाला जाऊ देऊ, ऐकू दे जरा.’… हसून राहिल्यात, आई. दम लागलाय, घाम पुसून राहिल्यात, आणि हसून राहिल्यात.

काय म्हणालात, आत्या?

…नाही! नाही हो.

नाही, आत्या. वास नव्हता येत… हाव, बघितलं ना, दुहेरी कापड होतं… किडे? छे, किडे कुठले… ड्रमपण तुम्ही आधी धुवून घेतले होते?… नाही. काहीच नव्हतं त्यात. स्वच्छ होतं. तळ दिसत होता… गोड? चवीला?…

मी चाखूनच नाही बघितलं, आत्या.

…

ऐकलंस, आई? विचारून राहिल्या मला, पाण्यात खरंच काही खराब होतं का म्हणून. हसता हसता विचारलं, पण विचारलं. म्हणजे सकाळपासून ह्यांना बोलत होत्या वरवर, आणि मनात हे. सुनेनं टाकून द्यावं असलं पाणी भरलं का आपण… मी काय सांगू त्यांना? एक घोट प्यायले असते तर सांगता आलं असतं. गोड होतं म्हणून.

गेल्या वर. कळशी माझ्यापाशी ठेवून गेल्या. म्हणाल्या, ‘तूच आण. घर तुझं हाय.’

तू का रडून राहिलीस आता?… कुणी तुला नावं ठेवत नाही… हाव, सांगते. तुझा जय भीम सांगते त्यांना… कापड? कुठलं कापड?… ते धोतराचं? आई, त्यानं मी काल फरशी पुसली… हाव. तेही. काळं झालंय. नाही, आज नाही धुता येणार. पुढच्या आठवड्यात धुईन, पाणी आल्यावर. आणि नळाला मीच थांबेन खाली. त्यांना नाही येऊ देणार.

चल, ठेवते. हाक मारून राहिल्यात… थांब. थांब जरा.

तो आवाज अजून येऊन राहिला तुझ्याकडून. तुझा नळ आहे ना तो? मी फोन केल्यापासून चालू आहे… बादली तर केव्हाच भरली असेल. वाहून राहिलं ते, मला इथं जिन्यात ऐकू येतंय… ‘असू दे’ नाही. ऊठ… फोन घेऊनच जा. मी थांबते.

…

अजून थेंब पडून राहिले. घट्ट फिरव.

…

हां. आता ठेव.